शिंकेची गोळी आणि डोळ्यांवरची झापड

आपल्या मराठीत ‘वावडं’ असा एक फार नेमका शब्द आहे. कुणाला वांग्याचं वावडं असतं, कुणाला कोळंबीचं, कुणाला माळ्यावरून काढलेल्या गाद्यांच्या धुळीचं. एकाच पंगतीत चौघं जेवायला बसतात. तिघं तृप्तीची ढेकर देऊन उठतात आणि चौथ्याच्या अंगावर गांधी उठतात. यात दोष कोळंबीचाही नसतो आणि करणाऱ्याच्या हाताचाही नसतो. त्या शरीराचं आणि त्या पदार्थाचं जमत नाही, इतकंच. व्हिएन्नामधल्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञानं हीच गोष्ट १९०६ साली शास्त्राच्या भाषेत मांडली. घटसर्पासारख्या रोगांवर त्या काळी मुलांना घोड्याच्या रक्तापासून केलेलं सिरम टोचत असत. काही मुलांना दुसऱ्या खेपेला तेच सिरम टोचलं, की अंगावर पुरळ, ताप, सांधेदुखी सुरू व्हायची. शरीराच्या या वेगळ्या वागण्याला त्यानं ‘अ‍ॅलर्जी’ असं नाव दिलं. वावड्याला जगानं दिलेलं हे नाव आता आपल्याही तोंडी चांगलंच रुळलं आहे.

औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आणि राहते मी मुलुंडला. त्यामुळे शेजारपाजारची मंडळी जिन्यात गाठून एक प्रश्न हमखास विचारतात, “मॅडम, झोप न येणारी शिंकेची गोळी कुठली हो?” प्रश्न अगदी व्यवहारातला आहे. सकाळची गर्दीची लोकल पकडायची असते, कुणाला स्कूटरवरून मरोळच्या कारखान्यात जायचं असतं, कुणाला रिक्षा चालवायची असते, कुणाच्या मुलाची परीक्षा असते. डोळ्यांवर झापड आलेली परवडणार कशी? पण हे विचारताना पुष्कळांच्या मनात आणखी एक गोष्ट गृहीत असते. ‘झोप न येणारी’ म्हणजे ‘कशीही, कितीही आणि कशाबरोबरही घेतली तरी चालणारी’! या दोन गोष्टी एक नाहीत. त्या एक का नाहीत, हे या गोळीचा इतिहासच फार चांगलं सांगतो. त्या इतिहासाचा थोडा भाग आपल्या उपनगरांतूनही गेलेला आहे.

जुन्या काळी अंगावर पित्त उठलं, की आमसुलं पाण्यात कोळून ते पाणी अंगाला चोळत. सर्दीला गवती चहा आणि वेखंड असायचं. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द चाळींमधून ऐकू येत नसे. ऐकू यायचा तो ‘इस्नोफिलिया’. मूल सतत खोकतं, शिंकतं, रात्री धापतं, म्हणून रक्त तपासायचं आणि त्यात इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढलेल्या निघाल्या, की ‘त्याला इस्नोफिलिया आहे’ असं घरातले लोक सांगत. १९४३ साली वाईनगार्टेन या डॉक्टरनं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपल्याकडच्या अशा रुग्णांवर लेख लिहिला आणि ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ हे नाव रूढ झालं. हा आजार हत्तीरोगाच्या जंतांमुळे होतो, हे पुढे कळलं आणि त्यावर हेट्राझानच्या गोळ्या सुरू झाल्या. पण गंमत अशी, की नुसत्या धुळीनं शिंकणाऱ्याच्या रक्तातही याच पेशी वाढतात. त्यामुळे कित्येक वर्षं जंतांचा आजार आणि साधं वावडं यांची आपल्याकडे गल्लत होत राहिली.

शिंक येते ती कशामुळे? शरीरात हिस्टामिन नावाचं एक रसायन असतं. काही विशिष्ट पेशींमध्ये ते जणू कुलूपबंद करून ठेवलेलं असतं. वावड्याचा पदार्थ, म्हणजे परागकण, बुरशी, गादीतले अतिसूक्ष्म किडे, झुरळांची घाण, यांपैकी काही आत शिरलं, की कुलूप उघडतं आणि हिस्टामिन बाहेर पडतं. मग नाकातल्या रक्तवाहिन्या सैल होतात, नाक वाहू लागतं, डोळे चुरचुरतात, कातडीवर गांधी उठतात. १९१० साली इंग्लंडमध्ये हेन्री डेल आणि लेडलॉ यांनी या रसायनाचे प्राण्यांवर होणारे परिणाम तपशिलानं अभ्यासले. ते शरीरात नैसर्गिकरीत्या असतं हे १९२७ साली सिद्ध झालं. म्हणजे शत्रू बाहेरचा नाही, घरातलाच आहे, हे तेव्हा कळलं.

आता या घरच्या शत्रूला आवरायचं कसं? पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दानिएल बोव्हे आणि त्यांची विद्यार्थिनी आन-मारी स्टॉब यांनी १९३७ साली हिस्टामिनला अडवणारं पहिलं रसायन शोधलं. गिनिपिगचा जीव त्यानं वाचला, पण माणसाला देण्याजोगं ते नव्हतं, फार विषारी होतं. माणसाला देता येईल असं पहिलं औषध, अँटरगन, १९४२ साली फ्रान्समध्येच आलं. तेव्हा तिथे महायुद्ध पेटलेलं होतं आणि पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होतं. बोव्हे यांना पुढे १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात जॉर्ज रिव्हेशल हा रसायनशास्त्रज्ञ स्नायू सैल करणारं औषध शोधत होता. त्याच्या हाती लागलं ते डायफेनहायड्रामिन. पार्क-डेव्हिस कंपनीनं ते १९४६ साली ‘बेनाड्रिल’ या नावानं बाजारात आणलं. फ्रान्समध्ये रोन-पूलांक कंपनीच्या प्रयोगशाळेतून प्रोमेथाझिन, म्हणजे ‘फेनर्गन’ आलं. जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीचं फेनिरामिन ‘एव्हिल’ या नावानं आलं. ही नावं तुम्हांला परकी वाटणार नाहीत, कारण ती आपल्या घराघरांतल्या औषधांच्या डब्यांत होती.

आणि ती येत कुठून होती? स्वातंत्र्यानंतर मुंबईची उपनगरं वाढली ती गिरण्यांच्या नव्हे, तर औषधं, रंग, रसायनं आणि यंत्रं यांच्या कारखान्यांच्या बळावर. आज ज्याला आपण लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतो, त्या जुन्या आग्रा रोडवर मुलुंडला हेक्स्टचा कारखाना होता. हेक्स्टची भारतीय कंपनी १९५६ साली स्थापन झाली. त्याच रस्त्यावर भांडुपला फेनर्गनवाली मे अँड बेकर होती. ही ब्रिटिश कंपनी रोन-पूलांकच्याच कुटुंबातली. अंधेरीच्या साकीनाक्याला पार्क-डेव्हिस होती. गोरेगावला सीबा कंपनीचं संशोधन केंद्र १९६३ साली सुरू झालं. मुलुंडच्या हेक्स्टमध्येही पुढे मोठं संशोधन केंद्र उभं राहिलं. आपण ज्याचं लोणचं घालतो त्या माईनमुळ्यापासून ‘फोर्स्कोलिन’ हे जगभरच्या प्रयोगशाळांत वापरलं जाणारं रसायन तिथेच वेगळं केलं गेलं. नकाशावर पाहिलं, तर बेनाड्रिल, फेनर्गन आणि एव्हिल ही शिंकेवरच्या औषधांमधली तीन ठळक नावं ज्या कंपन्यांची, त्यांचे कारखाने एकमेकांपासून काही मैलांच्या आत होते. भोंगा वाजला, की हजारो माणसं या कारखान्यांत आत-बाहेर करत. मुलुंड-भांडुपच्या कित्येक मराठी घरांतली पहिली नियमित पगाराची नोकरी ही अशा कारखान्यांतली होती.

या सगळ्या औषधांची एकच तक्रार होती. शिंक थांबायची आणि माणूस पेंगायला लागायचा. एव्हिलची गोळी घेऊन कामावर गेलेला माणूस यंत्रापुढे डुलक्या घेणार, हे ठरलेलंच. म्हणून डॉक्टर बजावायचे, ‘रात्रीच घ्या.’ या झोपेचा काहींनी उपयोगही करून घेतला. गावी जाताना एसटीत मूल रडू नये, उलटी करू नये, म्हणून त्याला चमचाभर सिरप पाजण्याची रीत पुष्कळ घरांत होती. ही रीत निरुपद्रवी नव्हती. लहान मुलांचा श्वास मंदावून मृत्यू झाल्याच्या नोंदी झाल्यावर, दोन वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथाझिन मुळीच देऊ नये, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००४ साली द्यायला लावला. मूल शांत झोपलं म्हणून आई निर्धास्त होते आणि नेमकं तेव्हाच त्याच्या श्वासाकडे कुणाचं लक्ष नसतं.

पण याच झोपेतून वैद्यकाला एक मोठी देणगीही मिळाली. फ्रान्समधले शल्यचिकित्सक आंरी लाबोरी यांना फेनर्गन दिलेले रुग्ण शस्त्रक्रियेपूर्वी विलक्षण शांत असल्याचं दिसलं. त्या धाग्यावरून १९५० साली क्लोरप्रोमाझिन तयार झालं. १९५२ पासून ते मनोरुग्णांना दिलं जाऊ लागलं आणि साखळदंडांच्या जागी गोळी आली. सर्दीच्या औषधाच्या पोटी मनोविकारांवरचं औषध जन्माला आलं. घराण्याचा हा इतिहास असा अजब आहे.

झोप का येते? हिस्टामिन फक्त नाकात आणि कातडीत नसतं, ते मेंदूतही असतं. तिथे त्याचं काम वेगळं आहे. आपल्याला जागं आणि सावध ठेवणाऱ्या रसायनांपैकी ते एक आहे. रक्तातला कुठलाही पदार्थ सहजासहजी मेंदूत शिरू नये म्हणून निसर्गानं तिथे एक पहारा बसवला आहे. जुनी औषधं स्निग्ध पदार्थांत सहज विरघळणारी, म्हणून ती हा पहारा चुकवून आत शिरत. नाकातल्या हिस्टामिनला अडवता अडवता ती मेंदूतल्या पहारेकऱ्यालाच झोपवत. जपानमधल्या संशोधकांनी मेंदूची विशेष छायाचित्रं घेऊन हे मोजलं. क्लोरफेनिरामिन या जुन्या औषधाच्या साध्या दोन मिलिग्रॅमनं मेंदूतली हिस्टामिनची जवळपास निम्मी केंद्रं अडवली जातात, असं त्यांना आढळलं.

यातली खरी धोक्याची बाब २००० साली अमेरिकेच्या आयोवा विद्यापीठातल्या एका प्रयोगानं पुढे आणली. अ‍ॅलर्जी असलेल्या ४० जणांना वेगवेगळ्या वेळी डायफेनहायड्रामिन, नवं फेक्सोफेनाडिन, दारू किंवा नुसती खोटी गोळी दिली आणि मोटार चालवण्याच्या कृत्रिम यंत्रावर बसवलं. नव्या गोळीवर गाडी ठीक चालली. जुन्या गोळीवर ती दारू प्यायलेल्या माणसापेक्षाही वाईट चालली. आणि ‘तुम्हांला झोप येतेय का?’ या प्रश्नाला लोकांनी दिलेल्या उत्तरांचा आणि त्यांच्या गाडी चालवण्याचा फारसा मेळ नव्हता. म्हणजे ‘मला नाही बुवा झोप येत त्या गोळीनं’ असं सांगणाऱ्याचा हात हॅन्डलवर ढिला पडलेला असू शकतो आणि त्याचा त्यालाच पत्ता नसतो. सायन-पनवेल रस्त्यावर किंवा घोडबंदरला स्कूटर चालवणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

मग झोप न आणणारं औषध कसं सापडलं? तेही चुकून, आणि तेही सिनसिनाटीतच! रिचर्डसन-मेरेल या कंपनीत १९७३ साली मनावरचा ताण कमी करणारं औषध शोधण्याच्या खटपटीत टर्फेनाडिन तयार झालं. मेंदूवर काम करावं म्हणून बनवलेलं ते रसायन मेंदूत शिरेच ना. म्हणून ते बाजूला पडलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की हिस्टामिनला मात्र ते उत्तम अडवतं. मेंदूत न शिरणं हा त्याचा दोष होता, तोच गुण ठरला. अमेरिकेत १९८५ साली ‘सेल्डेन’ या नावानं ते विक्रीला आलं आणि डॉक्टर-रुग्ण दोघांनाही हायसं वाटलं. शिंका थांबतात आणि झोपही येत नाही, आणखी काय हवं?

पाचच वर्षांनी पहिला धक्का बसला. १९९० साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ३९ वर्षांच्या एका स्त्रीची हकिगत आली. ती टर्फेनाडिन घेत होती आणि त्याच वेळी बुरशीच्या संसर्गावर किटोकोनाझोलच्या गोळ्याही घेत होती. तिला वारंवार घेरी येऊ लागली. इस्पितळात हृदयाचा आलेख काढला, तेव्हा ठोक्यांची लय भयंकर बिघडलेली दिसली. तपासाअंती कोडं उलगडलं. टर्फेनाडिन पोटात गेलं, की यकृत त्याचं लगेच दुसऱ्या एका पदार्थात रूपांतर करतं आणि शिंका थांबवण्याचं काम तो दुसरा पदार्थ करतो. किटोकोनाझोल किंवा एरिथ्रोमायसिन यांसारखी औषधं यकृतातला तो कामगारच अडवून धरतात. मग मूळ टर्फेनाडिन रक्तात साचत जातं आणि ते थेट हृदयाच्या विद्युत लयीवर घाला घालतं. मेंदूला न शिवणारी गोळी हृदयापर्यंत पोचत होती!

आपल्या हवेचा विचार केला, तर हे आणखी गंभीर वाटतं. पावसाळ्यात उपनगरातल्या घरांत भिंतींना ओल येते, कोपऱ्यांत बुरशी धरते, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. त्यामुळे याच दिवसांत शिंकाही वाढतात आणि अंगावर नायटाही उठतो. शिंकेला एक गोळी आणि नायट्याला दुसरी, दोन्ही एकाच मेडिकलमधून, कदाचित दोन निरनिराळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. जी जोडी त्या बाईच्या जिवावर बेतली, ती आपल्याकडे कुणाच्याही पिशवीत सापडली असती.

यातून सुटका झाली तीही मोठी चतुर होती. यकृतात जो पदार्थ तयार होतो, तोच सरळ गोळीच्या रूपात द्यायचा! यकृताच्या मदतीची गरजच नको. हा पदार्थ म्हणजे फेक्सोफेनाडिन. ‘अलेग्रा’ या नावानं अमेरिकेत त्याला १९९६ साली परवानगी मिळाली आणि १९९८ साली सेल्डेन तिथल्या बाजारातून गेलं. तोवर कंपन्याही बदलल्या होत्या. १९९५ साली जर्मनीच्या हेक्स्टनं सेल्डेनची कंपनी विकत घेतली होती. म्हणजे ज्या कंपनीच्या एव्हिलनं मुलुंडला पेंग आणली, तिच्याच घरात हे नवं औषध आलं. १९९९ साली हेक्स्ट आणि रोन-पूलांक यांचं युरोपात विलीनीकरण झालं. आग्रा रोडवरच्या मुलुंड आणि भांडुपच्या दोन शेजाऱ्यांचे मूळपुरुष असे अखेर एका छपराखाली आले. अ‍ॅस्टेमिझोल हे दुसरं औषध हृदयावरच्या अशाच परिणामामुळे १९९९ साली मागे घेतलं गेलं. भारत सरकारनं टर्फेनाडिन आणि अ‍ॅस्टेमिझोल या दोघांवर २००३ साली बंदी घातली. अमेरिकेत सेल्डेन गेलं त्यानंतर पाच वर्षांनी, हे इथे नोंदवायला हवं.

आपल्याकडे सगळ्यांत जास्त खपली ती मात्र सेटिरिझिन. बेल्जियमच्या यूसीबी कंपनीनं ती १९८० च्या दशकात आणली. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाला नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत असे. त्यामुळे वेगळ्या पद्धतीनं तेच औषध बनवायला भारतीय कंपन्या मोकळ्या होत्या. त्यांनी सेटिरिझिन घराघरांत पोचवली, तीही अगदी स्वस्तात. सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही तिचा समावेश झाला. ही मोठीच सोय झाली. पण एक बारकावा मागे पडला. सेटिरिझिन जुन्या औषधांपेक्षा कमी झोप आणते, पण आणतेच. अमेरिकेतल्या चाचण्यांत दहा मिलिग्रॅमच्या गोळीनं शंभरातल्या चौदा जणांना झोप आली. खोट्या गोळीवर हे प्रमाण सहा होतं. अमेरिकेत वैमानिकांना उड्डाणाआधी सेटिरिझिन घ्यायला मनाई आहे, मात्र फेक्सोफेनाडिन आणि लोराटाडिन चालतात. यावरून काय ते समजावं.

आता या इतिहासातून आपल्या रोजच्या व्यवहारासाठी काय घ्यायचं, ते सांगते.

पहिली गोष्ट, पाकिटाची पाठ वाचा. नाव कुठलंही असो, आत काय आहे ते बारीक अक्षरात मागे छापलेलं असतं. सर्दीच्या मिश्र गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा क्लोरफेनिरामिन असतं, म्हणजे झोप आणणारं जुनंच औषध. सकाळी ‘झोप न येणारी’ गोळी आणि दुपारी सर्दीची मिश्र गोळी घेतली, की एकाच जातीची दोन औषधं पोटात जातात. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात बजावलं आहे. नावापुढे ‘डी’ असेल, तर नाक मोकळं करणारं औषध त्यात मिसळलेलं असू शकतं. त्यानं रक्तदाब वाढू शकतो आणि झोपही उडते. लिव्होसेटिरिझिनबरोबर मॉन्टेल्युकास्ट असलेली गोळी आपल्याकडे सर्रास घेतली जाते. मॉन्टेल्युकास्टमुळे काहींना नैराश्य, भयानक स्वप्नं, मनाची चलबिचल होऊ शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० साली त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. ती गोळी डॉक्टरांनी दिली असेल, तर जरूर घ्यावी. शेजारणीनं दिली म्हणून घेऊ नये.

दुसरी गोष्ट, गोळी कशाबरोबर घेता ते पाहा. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्याबरोबरच घ्यावी. संत्री, सफरचंद, ग्रेपफ्रूट यांच्या रसाबरोबर घेतली, तर ती आतड्यातून नीट शोषलीच जात नाही आणि ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणून माणूस दुसरी घेतो. अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असलेली आम्लपित्ताची औषधंही तिची ताकद कमी करतात. दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवावं. सेटिरिझिनबरोबर दारू किंवा झोपेची गोळी नको. नवी गोळी पहिल्यांदा घ्याल, ती सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री घेऊन पाहा. स्कूटरची किल्ली हातात घेताना नव्हे.

तिसरी गोष्ट, मात्रा स्वतः ठरवू नका. मोठ्या माणसाला सेटिरिझिन दिवसाला दहा मिलिग्रॅम पुरते. दोन घेतल्यानं शिंका दुपटीनं थांबत नाहीत, झोप मात्र वाढते. ज्यांची मूत्रपिंडं अधू आहेत, त्यांच्या शरीरात सेटिरिझिन आणि फेक्सोफेनाडिन दोन्ही साचतात, म्हणून त्यांना कमी मात्रा लागते. गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या आया आणि लहान मुलं यांच्याबाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नये. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वयस्कर माणसांनी एव्हिल, क्लोरफेनिरामिन अशा जुन्या गोळ्या टाळलेल्याच बऱ्या. त्यांनी लघवी अडते, तोंडाला कोरड पडते, पाय लटपटतात आणि रात्री बाथरूमला उठताना पडण्याचा धोका असतो.

चौथी गोष्ट अलीकडची आहे. महिनोन्‌महिने रोज सेटिरिझिन किंवा लिव्होसेटिरिझिन घेणाऱ्या काही जणांना ती एकदम बंद केल्यावर अंगभर असह्य खाज सुटल्याच्या नोंदी झाल्या. प्रमाण फार थोडं आहे, पण २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेत याबद्दल औषधाच्या माहितीपत्रकात इशारा घालण्यात आला. अशा माणसाला वाटतं, ‘बघा, गोळी सोडली की अ‍ॅलर्जी परत आली,’ आणि तो पुन्हा सुरू करतो. वर्षानुवर्षं रोज गोळी लागत असेल, तर ती कशी सोडायची हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं. अ‍ॅलर्जीची त्वचाचाचणी करायची असेल, तर काही दिवस आधीपासून गोळी थांबवावी लागते, हेही आधीच विचारून घ्यावं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. कोळंबी खाल्ल्यावर, इंजेक्शन घेतल्यावर किंवा गांधीलमाशी चावल्यावर अंगावर गांधी उठून ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, दम लागला, घेरी आली, तर शिंकेची कुठलीच गोळी तिथे कामाची नाही. तिथे अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, तेही मिनिटांच्या हिशेबानं. गोळी देऊन ‘बघू या तासाभरात’ असं म्हणणं जिवावर बेतू शकतं. १०८ला फोन करावा किंवा जवळचं इस्पितळ गाठावं.

प्रत्येक खोकला वावड्याचा नसतो, हेही सांगायला हवं. खिडकीत कबुतरं पाळल्यासारखी वावरत असलेल्या घरात कुणाला महिनोन्‌महिने कोरडा खोकला आणि जिना चढताना दम लागत असेल, तर ती फुफ्फुसांना येणारी वेगळी सूज असू शकते. तिला हिस्टामिनच्या गोळीनं आराम पडत नाही. जुन्या ‘इस्नोफिलिया’सारखी गल्लत आपण आज पुन्हा करू नये. साधी विषाणूची सर्दीसुद्धा या गोळ्यांनी बरी होत नाही. १९४९-५० च्या सुमारास अमेरिकेत ‘सर्दी बरी करणारी गोळी’ म्हणून ही औषधं धडाक्यानं विकली गेली आणि तो दावा टिकला नाही. तो तिथे पंचाहत्तर वर्षांपूर्वी निकालात निघाला, आपल्याकडे अजून जिवंत आहे.

वावड्याचं मूळ कारण दूर करणं हा पहिला उपाय. उशांचे अभ्रे आणि चादरी आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुवाव्यात, ओल आलेली भिंत दुरुस्त करून घ्यावी, झुरळं मारावीत. रेल्वेच्या रुळांकडेला आणि मोकळ्या भूखंडांवर वाढणारं गाजरगवत फुलायच्या आत, हातमोजे घालून उपटावं. १९५६ साली पुण्यात नोंद झालेलं हे परदेशी गवत देशभर पसरलं आणि त्यानं किती जणांच्या नाकाला आणि कातडीला छळलं, याला गणती नाही.

आपल्याकडचे १९४५ सालचे औषध नियम जुन्या पिढीच्या अनेक अँटिहिस्टामिन औषधांवर, ती वैद्यकीय देखरेखीशिवाय घेणं धोक्याचं असल्याची सूचना छापायला सांगतात. ती इतक्या बारीक अक्षरात असते, की चष्मा लावूनही नीट दिसत नाही. पण ती तिथे उगाच आलेली नाही. पुढच्या वेळी मेडिकलमध्ये जाल, तेव्हा ‘झोप न येणारी द्या’ एवढंच सांगून थांबू नका. सध्या आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा काही त्रास आहे का, आणि गोळी घेऊन गाडी चालवायची आहे का, हे तीन तपशील काउंटरवरच्या फार्मासिस्टला सांगा. दुकानात फार्मासिस्ट जागेवर नसेल, तर तो येईपर्यंत थांबा, नाहीतर दुसऱ्या दुकानात जा. शिंका तेवढा वेळ वाट पाहतील.